ग्रंथखरेदीचा एक दिवस

पुस्तक विकत घेणें आणि पुस्तक वाचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सुशिक्षित घरांतील पुस्तकांचें कपाट मुकाट्यानें सांगत असतें. मोठ्या हौसेनें आणलेलीं, पण दहाव्या पानापुढें न गेलेलीं पुस्तकें त्यांत हटकून असतात. दोष पुस्तकांचा क्वचितच असतो; बहुधा तो खरेदीच्या रीतीचा असतो. ही रीत कशी असावी, हें समजून घेण्यास पुण्याहून मुंबईस एकट्यानें केलेली एका दिवसाची फेरी हें उत्तम उदाहरण होय.

पुण्यास पुस्तकांची वाण आहे असें नव्हे. अप्पा बळवंत चौक हाताशीं असतांना मराठी ग्रंथासाठीं पुणेकरानें घाट उतरण्याचें कारण नाहीं. परंतु मुंबईच्या फोर्ट भागांत पदपथावर जुन्या इंग्रजी पुस्तकांचा जो बाजार मांडलेला असतो, त्याची गोडी निराळी. शिवाय जाण्यायेण्याची सोयहि आयती आहे. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळीं सव्वासातच्या सुमारास पुणें सोडते व साडेदहाच्या सुमारास मुंबईस पोंचते. सायंकाळीं पांचनंतर तीच परत निघते. मधले साडेसहा तास वाचकाचे. वेळेला अशी कड असली म्हणजे मनालाहि शिस्त लागते.

खरी तयारी मात्र आदल्या रात्रीं घरींच करावयाची असते. बहुतेक लोक खिशांत रुपये किती आहेत एवढेंच पाहतात. पण ग्रंथखरेदीचें खरें अंदाजपत्रक रुपयांचें नसून तासांचें असतें. संसारी माणसानें रोज नियमानें वीस पृष्ठें वाचलीं तरी तें पुष्कळ झालें. त्याचीं वर्षाचीं ७,३०० पृष्ठें होतात; तीनशें पृष्ठांचें एक पुस्तक धरलें, तर वर्षाकाठीं चोवीस पुस्तकें. साठी गांठलेल्या गृहस्थानें आणखी पंधरा वर्षें दृष्टि शाबूत राहील असें मानलें, तर त्याच्या वांट्यास सारीं मिळून ३६० पुस्तकें उरतात. जन्मभर ग्रंथांवर प्रेम केलेल्या माणसाच्या मनास हा आंकडा प्रथम चटका लावून जातो. पण निवड करावयास शिकवितो तोहि हाच. कारण घरीं आणलेलें प्रत्येक पुस्तक त्या ३६० जागांपैकीं एक जागा अडवितें, आणि दुसरें एखादें पुस्तक कायमचें दाराबाहेर ठेवतें.

या हिशेबानें एका फेरीस पांच पुस्तकें पुरेशीं होत. दीड हजार पृष्ठें म्हणजे पंचाहत्तर दिवसांची, अर्थात् अडीच महिन्यांची बेगमी. त्यांपैकीं चार पुस्तकें यादीवरचीं असावींत आणि पांचवी जागा मोकळी ठेवावी. यादींत जातें तें आपल्याला आधींच ठाऊक असलेलें. ज्याचें नांवहि कधीं कानावर आलें नाहीं, असें पुस्तक त्या मोकळ्या जागेंतूनच घरांत येतें.

एकट्यानें जावें तें याचसाठीं. सोबती कितीहि जिव्हाळ्याचा असला तरी त्याच्या पायांना घाई असते, किंवा त्याच्या मताची भीड पडते. एकटा माणूस एकाच चळतीपाशीं अर्धा तास उभा राहूं शकतो, आणि कांहीं न घेतां पुढें जाण्यांत त्याला संकोच वाटत नाहीं.

स्टेशनांतून बाहेर पडून पायीं निघालें कीं सुमारें पंधरा मिनिटांत १८६४ सालचें फ्लोरा फाउंटन येतें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ या परिसरास आतां हुतात्मा चौक म्हणतात. येथल्या पदपथावर पुस्तक पाहावयाचें तें भाव करण्यापूर्वीं. छापखान्यांत मोठ्या कागदावर, दोन्ही बाजू मिळून, बहुधा सोळा पृष्ठें एकदम छापून त्याची घडी घालतात. तिला फर्मा म्हणतात. बांधणींत एखादा फर्मा गळला तर सोळा पृष्ठें एकदम जातात, आणि जाड पुस्तकांत तें वरवर पाहून कळत नाहीं. म्हणून पृष्ठांचे आंकडे सलग आहेत ना, हें ठिकठिकाणीं, विशेषतः सोळा-सोळा पृष्ठांच्या सांध्यांशीं उलटून पाहावें. नंतर नांवाच्या पानामागचा मजकूर वाचावा. पुस्तक नुसतें पुनर्मुद्रण आहे कीं सुधारून वाढविलेली आवृत्ति, हें तेथें कळतें. पान पिवळें पडलें एवढ्यानें पुस्तक टाकूं नये. लाकडाच्या लगद्याच्या कागदांतील आम्लानें तसें होतच असतें. पण पान उलटतांच कडा झडूं लागली, तर तें पुस्तक एका वाचनापुरतेंहि टिकणें कठीण. बारीक भोंकें दिसलीं तर मोह आवरावा. कीड एका पुस्तकाबरोबर साऱ्या कपाटांत शिरते.

नव्या पुस्तकांसाठीं जवळच किताबखाना हें २०११ सालीं सुरू झालेलें दुकान आहे. २०२० च्या अखेरीस आगीनें त्याची मोठी हानि झाली, तरी पुढच्या वर्षीं तें पुन्हां उघडलें. सर्वांचें दैव असें नसतें. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं सुरू केलेलें, वाचकांच्या अनेक पिढ्यांना आपलें वाटणारें स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ सालीं बंद झालें. घरबसल्या मागविलेलें पुस्तक पुष्कळदां स्वस्त पडतें, हें खरें. पण मागवितां येतें तें यादीवरचें. पांचवी जागा भरावयास दुकानाची मांडणी आणि जाणता दुकानदारच लागतो.

पहिल्या फेरींत मात्र कांहींच विकत घेऊं नये. पसंत पडलेलीं नांवें आणि भाव चिठ्ठीवर टिपून घ्यावे, आणि दुपारीं १८३३ सालीं पुरा झालेल्या टाउन हॉलच्या रुंद पायऱ्यांवर बसून ती चिठ्ठी स्वस्थपणें वाचावी. पाठीमागें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय असल्यामुळें एक गोष्ट आपोआप ध्यानांत येते. जें पुस्तक केवळ अधूनमधून चाळावयाचें, तें ग्रंथालयांत पाहावें; जें केवळ शोभेसाठीं हवें, तें दुकानांतच शोभतें; आणि जें आजच रात्रीं उघडावेंसें वाटतें, तेंच विकत घ्यावें. तेवढ्यांत एखादें दुसऱ्या कोणीं नेलें, तर वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. त्यालाहि वाचक मिळाला आणि इकडे एक जागा राखली गेली.

पांच पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन गाडींत बसल्यावर प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तारीख घालावी आणि एक पुस्तक तेथेंच उघडावें. गाडी कर्जत सोडून सदतिसांत एक अशा चढणीनें बोरघाट चढूं लागते, तोंपर्यंत त्या दिवसाचीं वीस पृष्ठें झालेलीं असतात. कपाटांतल्या पुस्तकांना जें दहावें पान बहुधा नडतें, तें गाडींतच ओलांडलें गेलेलें असतें.