पोटावरून मोजता येणारी आतड्याची सूज

खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तरी ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक आधी दिसतो. १९९४ च्या कायद्याने तो बंधनकारक आहे. सोनोग्राफी म्हटली की आपल्याला पोटातलं बाळ, नाहीतर मुतखडा आठवतो. पण महिनोन्‌महिने रक्त-आव पडून खंगलेल्या माणसाच्या आतड्याची सूजही याच यंत्रावर मोजता येते.

अशी जुनाट सूज आणणारे आजार मुख्यतः दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला होतो. क्रोन्स आतड्याची भिंत आरपार पोखरतो. पहिलं निदान दुर्बिणीनं आणि तुकडा तपासूनच करायचं. आपल्याकडे आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, म्हणून या तपासण्यांना पर्याय नाही. सोनोग्राफीचं खरं काम त्यानंतरचं: औषध लागू पडतंय का, हे पुन्हापुन्हा पाहण्याचं.

पोटावर जेली लावून डॉक्टर डाव्या कुशीच्या खालून सुरुवात करतात. तिथे मोठं आतडं सापडलं की ते न सोडता वर, आडवं, मग उजवीकडे खाली असं फिरतात, शेवटी लहान आतड्याच्या टोकाशी येतात. आधी खोलवर पाहणारा प्रोब, मग बारकावे दाखवणारा सपाट प्रोब. पडद्यावर भिंतीचे काळे-पांढरे थर दिसतात. भिंतीची जाडी उभ्या आणि आडव्या छेदात मोजतात. साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे सूज धरतात. कलर डॉपलर लावल्यावर भिंतीत रंगाचे ठिपके पेटले, तर तिथे रक्तप्रवाह वाढलाय, आजार जागा आहे. थर पुसट झालेत का, भोवतीची चरबी सुजून पांढुरकी दिसते का, कुठे आतडं आवळलंय वा गळू झालंय का, हेही दिसतं.

जुलाबाचं औषध नको, भूल नको, किरणोत्सर्ग नाही. गरोदरपणातही करता येते. कोलायटिसमध्ये औषध लागू पडलं तर दोन आठवड्यांतच जाडी उतरू लागते. अकोल्याला किंवा संभाजीनगरला दर वेळी दुर्बिणीसाठी जाणाऱ्याला याचं मोल मी सांगायला नको.

मर्यादा आहेत. गुदाशय खोल असल्यानं पोटावरून नीट दिसत नाही. लठ्ठपणा आणि गॅस आड येतात. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आतडं पाहायला सरावलेला डोळा हवा. नेहमीच्या रिपोर्टात आतड्याबद्दल बहुधा एखादीच ओळ असते. म्हणून चिठ्ठीवर ‘आतड्याच्या भिंतीची जाडी आणि डॉपलर’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. आधीचा आकडा समोर असला तरच नव्या आकड्यावरून सूज चढली की उतरली ते कळतं.