छाती का धडधडते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी, धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर अशी अनेक गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे दगावली. जी वाचली, ती पुढे कित्येक दिवस छपराखाली निजावयास धजत नसत. त्यांना भित्री कोण म्हणेल? संकटाची चाहूल लागताच देह पळावयास सज्ज होतो. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. नवल हे, की प्रश्नपत्रिका हाती येतानाही तो हेच करतो. भूकंप आणि गणिताचा पेपर यांतील भेद त्या बिचाऱ्याला कळत नाही! मुलांनो, अशा वेळी श्वास अगदी सावकाश सोडून पाहा. हृदयाचे ठोके मंदावू लागतात. आणि रात्ररात्र झोप लागेनाशी झाली, तर आईपाशी किंवा गुरुजींपाशी बोलावे. एकट्याने सोसत बसू नये.