आंबा घाटात गाडी न्यूट्रलला टाकू नका

कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाटाचा उतार लागला, की पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची सवय अनेकांना असते. ती सोडाच. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाचा फवारा बंद होतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला इंधन लागतंच. शिवाय इंजिनाचा रोध जातो आणि साखरपा येईपर्यंत ब्रेक तापतात, हे जास्त धोक्याचं. ऑटोमॅटिक सेडानमध्ये मॅन्युअल मोडवर खालचा गिअर घ्यावा.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी पट्ट्यात मोह आवरायचा तो वेगाचा. ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने गेलं, तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. क्रूझ कंट्रोल सपाटीवर उत्तम. चढउतारांवर पायच बरा.

मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या आणि मागे तिघं असतील, तर ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला हवेचा आकडा पाहा. टायर थंड असताना, निघण्यापूर्वीच हवा भरून घ्या.