दोन रसायनांमधले पाणी

७ नोव्हेंबर २०१९. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बर्लिंग्टन गावी एका रेस्टॉरंटच्या भटारखान्यात फरशी धुण्याचे काम चालू होते. क्षार काढायचे आम्लयुक्त द्रावण फरशीवर आधी सांडलेले होते. दुसऱ्या कामगाराला ते ठाऊक नव्हते. त्याने क्लोरीनचे द्रावण ओतले, हिरवट फेस आला आणि वायू सुटला. ते पाणी बाहेर लोटायला पुढे झालेला व्यवस्थापक दगावला. दहाहून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले.

दोन्ही द्रावणे आपापल्या कामाला योग्यच होती. मध्ये साधे पाणी पडले नाही, एवढेच कमी पडले.

आपल्या हॉटेलांतही ही दोन्ही रसायने असतात. जड पाण्याचे पांढरे थर काढायला अ‍ॅसिड, जंतू मारायला ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ब्लीच पाण्यात मिसळले की त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. द्रावणाचा सामू ७.५च्या आसपास असेल तर सुमारे निम्मे क्लोरीन या रूपात असते; सामू खाली येईल तसे त्याचे प्रमाण वाढते. पण अ‍ॅसिडने तो फारच खाली गेला, की क्लोरीन वायू बाहेर पडतो. जंतू मारणारी शक्ती आणि माणसाचा जीव घेणारा धोका एकाच रासायनिक साखळीत आहेत. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका वाकून फरशी घासणाऱ्याच्या नाकाशी. श्वासमार्गाच्या ओलाव्यात त्याची आम्ले बनतात, आणि फुप्फुसात पाणी साचण्याची लक्षणे कधी कधी काही तासांनी दिसतात. काच पुसायच्या अमोनियायुक्त द्रावणाशीही ब्लीचची गाठ पडता कामा नये. त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात.

मधले पाणी आणखी एका कारणाने हवे. तेल, पीठ, मांसाचे कण ओट्यावर राहिले तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडते आणि जंतू शाबूत राहतात. म्हणून आधी खरवडणे, मग साबणाने घासणे, स्वच्छ पाण्याने धुणे, आणि शेवटी निर्जंतुक करणे. ४ टक्क्यांचे २५ मिलिलिटर ब्लीच १० लिटर थंड पाण्यात घातले की दर लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. अन्न ठेवायच्या पृष्ठभागांना एवढे पुरते. उन्हात ठेवलेला कॅन आपोआप कमजोर होतो. लेबलवर सांगितलेला वेळ द्रावण पृष्ठभागावर राहू द्यावे आणि भांडी हवेत वाळवावीत. दिवसभर फिरलेल्या ओल्या फडक्याने ती पुसली, तर सगळी मेहनत वाया जाते.

हॉटेलमालकांना माझी कळकळीची विनंती आहे. अ‍ॅसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका, आणि मोरीवरच्या माणसाला वाचता येईल त्या भाषेत, चित्रासह सूचना लावा. उग्र वास आला तर पुसत बसायचे नाही, सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडून मोकळ्या हवेत जायचे आणि ११२ वर फोन करायचा, हे त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगा.