मतदानाविना निवड : ‘बिनविरोध’ म्हणजे नेमके काय?

झाशी : उत्तर प्रदेशातील जिल्हा पंचायत अध्यक्षपदांसाठी ३ जुलै २०२१ रोजी मतदान झाले. झाशीत मात्र त्या दिवशी एकही मत पडले नाही. भारतीय जनता पक्षाचे पवन गौतम यांच्याविरुद्ध कोणीच रिंगणात नसल्याने त्यांची निवड आधीच बिनविरोध झाली होती. राज्यातील ७५ पैकी २२ जिल्ह्यांत हेच घडले. त्यांत २१ अध्यक्ष भाजपचे होते, तर इटावाचे एकमेव समाजवादी पक्षाचे.

आपल्याकडील जिल्हा परिषदेला उत्तर प्रदेशात जिल्हा पंचायत म्हणतात. तिचा अध्यक्ष थेट जनता नव्हे, तर निवडून आलेले सदस्य आपल्यातून निवडतात. मतदार इतके मोजके असले की मनधरणी सोपी होते आणि दडपणही. विरोधकांना अर्ज भरू दिले नाहीत, असा आरोप समाजवादी पक्षाने तेव्हा केला; भाजपने तो फेटाळला. समाजवादी पक्षाने आपल्याही ११ जिल्हाध्यक्षांना पदावरून दूर केले. त्यांत झाशीचे जिल्हाध्यक्ष होते.

नियम साधा आहे. अर्जांची छाननी होते, माघारीची मुदत संपते आणि मग उरलेले उमेदवार मोजले जातात. जागा आणि उमेदवार यांची संख्या सारखी असेल, तर निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना तत्काळ विजयी घोषित करतो. लोकसभा व विधानसभेसाठी ही तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५३ मध्ये आहे. उमेदवार जागांपेक्षा कमी असल्यास आहेत तेवढे निवडून येतात आणि उरलेल्या जागांसाठी प्रक्रिया पुन्हा राबवावी लागते.

‘बिनविरोध’ आणि ‘एकमताने’ हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. एकमतासाठी मत विचारावे लागते. बिनविरोध निवडीत ते विचारलेच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर मतदारांना ‘नोटा’चा पर्याय मिळाला, पण मतदान यंत्र मांडलेच नाही तर त्याचा उपयोग काय? २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, इतरांनी माघार घेतली आणि लाखो मतदारांना ‘नोटा’चे बटणही दाबता आले नाही.

महाराष्ट्रातील खेड्यांत बिनविरोध ग्रामपंचायत भूषणाची मानली जाते. खर्च वाचतो, भाऊबंदकी टळते, हे खरेच. मात्र जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली.

कलम ५३ मधील या तरतुदीला ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. एकट्या उमेदवारालाही किमान काही टक्के मते मिळवण्याची अट घालता येईल का, अशी विचारणा एप्रिल २०२५ मधील सुनावणीत न्यायालयाने केली. बिनविरोध निवडी दुर्मीळ आहेत, असे भारत निवडणूक आयोगाचे म्हणणे आहे : १९५१ पासूनच्या सार्वत्रिक लोकसभा निवडणुकांत अवघ्या ९. जिल्हा पंचायतींच्या निवडी या गणतीत येत नाहीत.