कळ, काप आणि ऋण

अंधारात उंबरठ्याला पायाची करंगळी आपटली, की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण ती चोळू लागतो. चोळल्याने बरे का वाटते? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत सापडले.

दुखण्याची वर्दी तारेसारखी थेट मेंदूत जाते, अशी पूर्वी समजूत होती. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेगळा विचार मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. जाड चेतातंतूंतून स्पर्शाची वर्दी आली की हे दार थोडे लोटले जाते आणि बारीक तंतूंतून येणारी कळ अडते. या विचाराला मांजरांच्या मज्जारज्जूवरील प्रयोगांचा आधार होता. त्यातले तपशील पुढे बदलले. दाराची कल्पना मात्र टिकली.

या दाराच्या बिजागऱ्या तपासण्यासाठी शास्त्रज्ञ उंदराच्या मज्जारज्जूचे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे काप घेतात. प्राणवायू सोडलेल्या क्षारयुक्त द्रावात ते काही तास जिवंत राहतात. काचेच्या अतिसूक्ष्म नळीने एकेका पेशीतला विद्युत्प्रवाह मोजता येतो, औषधाचा परिणामही पाहता येतो. कापाला मेंदू नसल्याने त्याला वेदना जाणवत नाही.

१९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की जखमेनंतर मज्जारज्जूच हळवा होतो. जखमेची जागा बधिर केली तरी तो हळवेपणा लगेच ओसरत नाही. तपासणीत काही निघाले नाही, की ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे अनेक रुग्णांना ऐकावे लागते. जखम भरल्यावरही दुखणे खरेच उरू शकते, हे आपल्याला अशा प्रयोगांमुळे कळले.

पण त्या कापासाठी एक जीव जातो, हे विसरून चालणार नाही. शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत आणि करावेच लागले तर भूल देऊन करावेत, असे आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. पेशीसंवर्धन आणि संगणक यांची आता मदत होते. तरी मज्जारज्जूची सगळी गुंतागुंत त्यांत उतरत नाही.

म्हणून यापुढे कुणी ‘अजून दुखतंय हो’ म्हटले, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवू या. त्या मुक्या जिवांचे ऋण निदान एवढे तरी मानायला हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)