मेरय म्हणजे काय? पालि शब्दकोश वापरायला शिकताना

दर रविवारी आमच्या विहारात त्रिसरण-पंचशील होते. लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ आहे. आम्ही वस्तीत बचत गटांचे आणि व्यसनमुक्तीचे काम करतो. एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आमचे मालक म्हणतात, पंचशीलात दारू नको म्हटलंय, बीअर नको असं कुठं म्हटलंय? पाचव्या शीलातल्या त्या लांब शब्दाचा अर्थ तरी सांगा." आमच्यापैकी एकालाही तो शब्द फोडून सांगता आला नाही. लहानपणापासून म्हणत आलेल्या शब्दाचा अर्थ आपल्यालाच माहीत नाही, याची लाज वाटली.

त्यानंतर आम्ही विहारात पालि शब्दकोश घेऊन बसू लागलो. सुरुवातीला एकही शब्द सापडेना. तो का सापडत नव्हता आणि पुढे कसा सापडू लागला, हे इथे सांगत आहोत. ज्यांना वंदना पाठ आहे पण पालि येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

हाताशी कोणते कोश ठेवावेत?

पहिला बाबासाहेबांचा. एवढ्या धावपळीच्या आयुष्यात त्यांनी पालि शब्दकोश आणि पालि व्याकरण तयार केले. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थही आहेत. सुरुवात इथूनच करावी.

दुसरा पालि टेक्स्ट सोसायटीचा पालि-इंग्रजी कोश. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ही संस्था स्थापन केली. त्यांचा आणि विल्यम स्टीड यांचा हा कोश १९२१ ते १९२५ या काळात निघाला. डेव्हिड्स १९२२ साली गेले. उरलेले काम स्टीड यांनी तडीस नेले. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो.

व्यक्ती आणि गावांच्या नावांसाठी श्रीलंकेचे जी. पी. मलालसेकेरा यांचा पालि विशेषनामांचा कोश आहे. विशाखा कोण, सावत्थी कुठे, हे त्यात ग्रंथातील संदर्भांसह मिळते.

शब्द सापडत का नाही?

पहिले कारण म्हणजे आपण वाक्यातला शब्द जसाच्या तसा शोधतो. कोशात शब्दाचे मूळ रूप असते. 'बुद्धस्स' शोधाल तर मिळणार नाही, 'बुद्ध' मिळेल. 'भगवतो' हा शब्द 'भगवन्त' खाली, 'अरहतो' हा 'अरहन्त' खाली. मराठी कोशात 'घराला' नसते, 'घर' असते, तसेच हे.

क्रियापदाचे वेगळे आहे. संस्कृत कोशात धातू शोधावा लागतो. पालि कोशात बहुधा 'तो करतो' या अर्थाचे वर्तमानकाळी रूप असते. म्हणून 'गच्छामि'साठी 'गच्छति' पाहावे, 'समादियामि'साठी 'समादियति'.

तिसरी अडचण अनुस्वाराची. 'संघ' आणि 'सङ्घ', 'संखार' आणि 'सङ्खार' अशी दोन्ही लेखने चालतात. एका ठिकाणी नसेल तर दुसऱ्या ठिकाणी पाहावे. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. सोसायटीचा कोश रोमन लिपीत असला तरी त्याचा क्रम अ, आ, इ, ई, मग क, ख, ग असा आपल्या बाराखडीसारखा आहे.

एकाच शब्दापुढे १, २ असे आकडे दिसले तर ते वेगवेगळे शब्द आहेत असे समजावे. पालित श, ष, स यांच्या जागी एकच 'स' आहे. त्यामुळे 'सरण' म्हणजे 'शरण' असू शकते आणि 'स्मरण'सुद्धा. कुठला अर्थ घ्यायचा, ते वाक्य ठरवते.

ओळखीचे शब्द फसवतात

मराठी येत असल्याने पालि सोपी वाटते, आणि तिथेच फसगत होते. मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालित 'वेदना' म्हणजे अनुभव. तो सुखद असतो, दुःखद असतो किंवा दोन्ही नसतो. मराठीत 'प्रमाद' म्हणजे चूक. पालि 'पमाद' म्हणजे बेसावधपणा, गाफील राहणे. म्हणून जो शब्द सर्वांत ओळखीचा वाटतो, तोच आधी कोशात पाहावा.

कोशकारही माणूसच असतो, हेही विसरू नये. रॉबर्ट सीझर चिल्डर्स यांचा पालि कोश १८७५ साली पूर्ण झाला आणि त्या काळी तो मोठाच आधार होता. पण 'निब्बान' या शब्दावर त्यांनी लांबलचक निबंध लिहून शेवटी निब्बान म्हणजे अस्तित्वाचा अंत, असा अर्थ मांडला. पुढच्या अनेक अभ्यासकांनी तो मान्य केला नाही. महत्त्वाच्या शब्दासाठी एका कोशावर थांबू नये, ते याचसाठी.

ताईंना दिलेले उत्तर

आता तो लांब शब्द: सुरामेरयमज्जपमादट्ठाना. फोडला की पाच शब्द निघतात: सुरा, मेरय, मज्ज, पमाद आणि ठान. मज्ज म्हणजे नशा आणणारे पेय, ठान म्हणजे स्थान किंवा कारण. 'मेरय' शब्दावर कोश एवढेच सांगतो की ते एक प्रकारचे मद्य. मग आम्ही विनयपिटकात गेलो. तिथे पाचित्तिय नियमांत दोन्हींची फोड आहे. सुरा म्हणजे पीठ, भात अशा धान्याच्या पदार्थांपासून केलेली. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले.

म्हणजे बीअर धान्याची, ती सुरेत आली. मोहाची फुलांची, गुळाची हातभट्टी आणि द्राक्षांची वाइन मेरयात आली. पळवाट कुठेच उरली नाही. शिवाय शब्दातच कारणही सांगितले आहे: हे सारे माणसाला गाफील करते. आणि 'वेरमणी' म्हणजे दूर राहणे, 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. कोणी वरून सोडलेला हा हुकूम नाही. आपण स्वतः तो नियम स्वीकारतो. आम्ही पुढच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा ताई म्हणाल्या, "मग हे तुम्ही घरी येऊन सांगा."

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झालाच. पण भाषा दर्जाने घरात येत नाही, ती वापरावी लागते. प्रत्येक विहाराच्या कपाटात बाबासाहेबांचा १६ वा खंड आणि एक वही असावी. दर रविवारी वंदनेनंतर वंदनेतलाच एक शब्द घ्यावा, मूळ रूप शोधावे, दोन कोशांतले अर्थ वहीत लिहावेत आणि मोठ्याने वाचून दाखवावेत. यासाठी पालिची पदवी लागत नाही, पंधरा मिनिटे लागतात. आमच्या वहीतला पहिला शब्द 'मेरय' आहे. तुमच्या विहारात कोणता शब्द अडला आहे, तिथून सुरुवात करा.